एप्रिलच्या उन्हात, सोलापुरातल्या घरी शार्कुटरी बोर्ड

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: जुळे सोलापूर भागातलं घर, एप्रिलचा शेवटचा शनिवार, संध्याकाळी सातला बारा पाहुणे. काही पुण्याचे, नवऱ्याच्या ऑफिसमधले, आणि बाकी घरचे. जेवण नऊला, त्याआधी शार्कुटरी बोर्ड, म्हणजे मांसाचे गार काप, चीज, फळं आणि सुकामेवा यांची फळी, मांडायचा आहे. चौघं शाकाहारी, त्यांत एक जैन जोडपं. जाऊबाई सहा महिन्यांच्या गरोदर. इथे काय मिळेल, किती आणायचं, कसं मांडायचं?

ताई, मी सतरा वर्षं पुण्यात आणि गोव्यात हॉटेलच्या थंड किचनमध्ये काम केलं. तिथे गॅस कमी आणि सुरी जास्त चालते. आता सोलापुरात घरगुती समारंभांच्या ऑर्डरी घेते. तुम्ही सुरुवात ‘काय मिळेल’ इथून केलीत, पण मला आधी उन्हाबद्दल बोलायचंय. एप्रिलअखेर आपल्याकडे दुपारी पारा बेचाळीसच्या पुढे जातो आणि संध्याकाळी सातलासुद्धा भिंती गरम असतात. या पदार्थांची पुस्तकी पद्धत थंड देशातली आहे. तिथे सांगतात, चीज तासभर आधी बाहेर काढा, म्हणजे चव खुलते. आपल्याकडे तासाभरात चीज घाम सोडतं. दुधातली चरबी अंगाच्या तापमानाला जवळजवळ सगळी वितळते, आणि तुमची बैठकीची खोली त्या दिवशी साधारण तेवढीच तापलेली असेल.

दिसण्यापेक्षा मोठी गोष्ट तब्येतीची. शिजवलेलं मांस, कापलेलं फळ, मऊ चीज बाहेर ठेवायची मर्यादा दोन तासांची मानतात, पण खोली 32 अंशांच्या वर असेल तर ती एका तासावर येते. म्हणून माझा नियम असा: बोर्डवर कमी, फ्रिजमध्ये जास्त. बारा जणांचा माल तीन हप्त्यांत काढायचा. सातला पहिला, पावणेआठला दुसरा, साडेआठला उरलेला. दर वेळी जुनं उचलून नवं मांडायचं, जुन्यावर नवं रचायचं नाही. एकदा मे महिन्यात होटगी रस्त्यावरच्या एका घरी मी सगळं एकदम मांडलं होतं, फोटो छान यावा म्हणून. पाहुणे पाऊण तास उशिरा आले. सलामीच्या, म्हणजे मुरवलेल्या मांसाच्या चकत्यांच्या, कडा वळल्या होत्या आणि ब्री नावाचं मऊ चीज फळीवरून ओघळलं होतं. तो सगळा माल मी टाकून दिला आणि पैसे घेतले नाहीत. तेव्हापासून पाहुणे दारात आल्याशिवाय माझा डबा उघडत नाही.

खाली ठेवायची वस्तूही उन्हाकडे बघूनच निवडा. लाकडी फळी सुंदर दिसते, पण गारवा धरत नाही. ओट्यात सिंक बसवताना कापलेला ग्रॅनाइटचा तुकडा बऱ्याच घरांत माळ्यावर पडून असतो. तो स्वच्छ घासून धुवा आणि शनिवारी दुपारीच फ्रिजमध्ये आडवा ठेवा. बाहेर काढल्यावर बराच वेळ गार राहतो. शहाबादी किंवा कडप्पा असेल तर त्यावर बटर पेपर घाला. ते चुनखडीचे दगड आहेत, लिंबू आणि व्हिनेगर लागलं की डाग पडतो. ग्रॅनाइटला तो त्रास नाही. दगड नसेल तर मोठ्या परातीत बर्फ पसरून त्यावर स्टीलचं ताट ठेवा. पंखा मात्र बोर्डच्या थेट वर नको, त्या वाऱ्याने मांसाचे काप दहा मिनिटांत सुकतात.

आता माल. शार्कुटरी हा फ्रेंच शब्द ‘मांस’ आणि ‘शिजवलेलं’ अशा दोन शब्दांतून आलाय. पंधराव्या शतकात पॅरिसमध्ये डुकराचं शिजवलेलं मांस विकणाऱ्यांचा वेगळा धंदा होता, त्यांच्या दुकानाचं हे नाव. चीज, फळं, सुकामेवा हे सगळं बोर्डवर नंतर आलं. मुळात हे मांस टिकवण्याचं शास्त्र आहे. मीठ लावायचं, वाळवायचं, धुरावायचं किंवा चरबीत बुडवून ठेवायचं. आपल्या भागातही हे होतं. दलित वस्त्यांत मांसाच्या लांब पट्ट्या कडक उन्हात वाळवून ‘चान्या’ करून ठेवायची रीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. गरिबीत प्रथिनं साठवण्याचं ते मोठं कसब आहे आणि त्याचा उल्लेख मानानेच व्हायला हवा. पण एक फरक लक्षात ठेवा, चान्या खाण्याआधी भाजतात किंवा शिजवतात. इटलीत डुकराची मांडी मुरवतात तसं कच्चं मुरवलेलं मांस घरी करायच्या भानगडीत पडू नका. त्याला मोजलेलं मीठ, थंड तापमान आणि महिनोन्‌महिने सांभाळलेली दमट हवा लागते. आपल्याकडे अशी हवा नाही.

विकत घ्यायचं तर शहरातल्या मोठ्या दुकानांच्या फ्रीजरमध्ये चिकन सलामी आणि चिकन हॅम बहुधा मिळतं. दोन्ही आधीच शिजवलेली असतात, फ्रिजमध्ये रात्रभर सावकाश वितळू द्या आणि तशीच वाढा. पाकीट उघडलं की दोन-तीन दिवसांत संपवा. बेकन आणि काही सॉसेज कच्ची असतात, ती शिजवावीच लागतात. आणि कुणी गोव्याहून ‘चोरीस’ सॉसेज आणून दिली तर ती कापून तशीच मांडू नका, ही चूक मी चांगल्या जाणत्या लोकांच्या घरी पाहिली आहे. दिसायला सलामीसारखी असली तरी ती व्हिनेगर आणि मिरचीत मुरवलेलं कच्चं डुकराचं मांस आहे. थोड्या पाण्यात शिजवून, पाणी आटवून, तिच्याच तेलात परतायची आणि वाटीत ठेवायची. परदेशातून कुणी आणलेली सलामी असेल तर वेष्टन पूर्ण वाचा, त्यात डुक्कर आणि गाय यांचं मिश्रण असू शकतं. पाहुण्यांत कुणी मुसलमान असतील तर हलालची खूण बघा आणि त्या दिवशी डुकराचं काही आणूच नका.

पण तुमच्या जागी मी असते तर बोर्डचा मुख्य पदार्थ घरीच केला असता. फ्रान्समध्ये मांस मंद आचेवर चरबीत शिजवून, पिंजून, बरणीत दाबून वर चरबीचा थर देतात. आपण ते मटण आणि तुपात करू. मटणाची स्वतःची चरबी थंड झाली की मेणासारखी टाळूला चिकटते, तूप चिकटत नाही. खांद्याचं बिनहाडाचं अर्धा किलो मटण घ्या आणि खाटकाला सांगून दिसेल तेवढी पांढरी चरबी काढून टाका. दीड चमचा मीठ, दहा-बारा मिरे, दोन तमालपत्रं, दगडफुलाची एक पाकळी, सहा लसूण पाकळ्या, दीडशे ग्रॅम तूप आणि अर्धी वाटी पाणी. जाड बुडाच्या पातेल्यात, झाकण ठेवून, अगदी बारीक आचेवर अडीच-तीन तास. घाई असेल तर कुकरला लावा, पण नंतर झाकण काढून पाणी पूर्ण आटवा. पाणी राहिलं तर टिकत नाही आणि चवही पातळ होते. काट्याने दाबलं की धागे सुटले पाहिजेत. मसाले वेचून काढा, पिंजा, मीठ चाखा. थंड खायचंय म्हणून मीठ किंचित पुढे हवं, गार पदार्थात ते जिभेला कमी लागतं. काचेच्या स्वच्छ बरणीत दाबून भरा, वर वितळलेल्या तुपाचा अर्धा सेंटिमीटर थर द्या. तासाभराच्या आत फ्रिजमध्ये. शुक्रवारी केलंत तर शनिवारी चव बसलेली असेल. तीन-चार दिवसांपेक्षा जास्त ठेवू नका, तुपाचा थर आहे म्हणून ते लोणचं होत नाही.

सोलापूरकरांना शिक, म्हणजे सळईवर भाजलेलं मांस, सांगावी लागत नाही. पुण्याच्या मंडळींना ती हवीच असेल, तर साडेआठच्या शेवटच्या हप्त्यात गरमागरम आणवा आणि वेगळ्या ताटात द्या. गार बोर्डवर गरम शिक ठेवली तर शेजारचं चीज जातं आणि शिकही निवते.

चीज. सोलापुरात हमखास मिळतं ते प्रोसेस्ड चीज, आणि या हवेत ते वापरायला मी अजिबात कचरत नाही. त्यात घातलेल्या क्षारांमुळे चरबी आणि पाणी एकमेकांना धरून राहतात, म्हणून ते लवकर घाम सोडत नाही. त्याच्या जोडीला भारतीय बनावटीचं गौडा आणि चेडार शोधा, मोठ्या दुकानांत असतं. ब्री किंवा कॅमेंबर हवं असेल तर पुण्याहून येणाऱ्या कुणाला तरी सांगा. थर्माकोलच्या डब्यात बर्फाच्या पिशव्या घातल्या की हुतात्मा एक्स्प्रेसचे चार तास ते आरामात काढतं. निळ्या बुरशीचं चीज आणू नका. मला ते फार आवडतं, पण बारा जणांत दोघं खातील आणि त्याचा वास बाकीच्या सगळ्यावर चढेल.

एक ‘चीज’ मात्र घरचंच करा. म्हशीच्या दुधाचं किलोभर घट्ट दही घ्या. आपल्या जिल्ह्याला पंढरपुरी म्हैस आहे, ओळखीच्या गवळ्याकडून ते दूध मिळालं तर उत्तम. दह्यात सपाट चमचाभर मीठ घालून मलमलच्या फडक्यात बांधा आणि फ्रिजमध्येच रात्रभर टांगा. बाहेर टांगलं तर या दिवसांत सकाळपर्यंत आंबट ढाण होतं. श्रीखंडाच्या चक्क्यापेक्षा किंचित कोरडं झालं पाहिजे. पसरट वाटीत काढा, चमच्याच्या पाठीने खळगा करा, त्यात शेंगदाण्याच्या तेलाची धार आणि वरून शेंगा चटणी. पुण्याचे पाहुणे आधी हीच वाटी संपवतात, मी दरवेळी पाहिलंय. म्हणून दुसरी वाटी फ्रिजमध्ये तयार ठेवा.

आणि आता ज्यासाठी मी हे सगळं लिहायला बसले ती गोष्ट. क्रॅकर विकत आणू नका. तुमच्याकडे ज्वारीची कडक भाकरी आहे, आणि शार्कुटरीसाठी तिच्याइतकी चांगली सोबत मला दुसरी माहीत नाही. विकतच्या क्रॅकरमध्ये मीठ असतं, तेल असतं. सलामीत मीठ, चीजमध्ये मीठ, त्यावर क्रॅकरचंही मीठ, तिसऱ्या घासाला जीभ थकते. कडक भाकरी पातळ थापून तव्यावर पूर्ण वाळवलेली, जवळजवळ बिनमिठाची आणि बिनतेलाची असते. ती मीठ आणि चरबी दोन्ही शोषून घेते, वर ज्वारीचा भाजका गोडवा देते. मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन आहे, त्या पिठाची मिळाली तर बघाच. बारा जणांना दहा भाकऱ्या पुरतात. हाताने तोडा, सुरीने नको, वेड्यावाकड्या तुकड्यांना कडा मिळतात आणि त्या कडांनी चक्का उचलता येतो. डब्यात मऊ पडल्या असतील तर मंद तव्यावर दोन मिनिटं. तीळ लावलेली बाजरीची कडक भाकरी आपण संक्रांतीला करतो, तीही चालेल, पण एप्रिलमध्ये मी ज्वारीच घेईन. याशिवाय बेकरीचा एखादा लांब पाव तिरका कापून तव्यावर तूप न लावता भाजा, ज्यांना दातांचा त्रास आहे त्यांच्यासाठी.

बाकी वाट्यांमध्ये आंबट, गोड आणि झणझणीत हवं. आंबटासाठी काकडी, गाजर, कांद्याचे पातळ काप: एक वाटी व्हिनेगर, एक वाटी पाणी, दोन चमचे साखर, एक चमचा मीठ उकळून त्यांवर ओता, निवल्यावर फ्रिजमध्ये. झणझणीतासाठी बाटलीतला मस्टर्ड आणायची गरज नाही, आपली फेसलेली मोहरी तीच आहे. मोहरी कुटून गार पाण्यात कालवा आणि दहा मिनिटं थांबा. तिखटपणा पाणी लागल्यावरच तयार होतो. नाकात गेला की लिंबू, मीठ आणि चिमूटभर गूळ घाला. लिंबू आधी घातलं तर ती चढत नाही, नंतर घातलं तर चढलेली टिकते. गरम पाण्याने पूर्ण मरते. तुपातल्या मटणाबरोबर ही मोहरी आणि कडक भाकरी, एवढं दिलं तरी माझं जेवण होतं.

फळांसाठी शनिवारी सकाळी लक्ष्मी मंडईत जा. एप्रिलअखेर द्राक्षं हंगामाच्या शेवटाला असतात, घट्ट आणि हिरव्या देठाची मिळाली तरच घ्या. वाहत्या पाण्याखाली धुऊन पूर्ण कोरडी करा, मग कात्रीने चार-चार मण्यांचे झुबके करा, म्हणजे पाहुण्यांना घड तोडत बसावं लागत नाही. भगवा डाळिंब आपल्या जिल्ह्याचा अभिमान, पण दाणे बोर्डवर मोकळे टाकू नका, रस सुटून चीज गुलाबी होतं. वाटीत ठेवा, बरोबर चमचा. या दिवसांत खरबूज हमखास घ्या. इटलीत खारवलेल्या मांसाची पातळ चकती खरबुजाच्या फोडीला गुंडाळून खातात, आपण चिकन हॅम गुंडाळू. गार, गोड, खारट, उन्हाळ्यात याच्यासारखं काही नाही. खरबूज कापण्याआधी साल घासून धुवा, सालीवरची घाण सुरीबरोबर आत जाते. कलिंगड बोर्डवर नको. पिस्ते, बदाम, सुके अंजीर, बेदाणे, थोडी चिक्की पुरे.

प्रमाण विचारलंत. नंतर जेवण आहे, म्हणून मांसाहारी माणसामागे पन्नास ग्रॅम मांस, म्हणजे आठ जणांना चारशे ग्रॅम. त्यातलं अर्धं घरचं मटण, अर्धी सलामी आणि हॅम. मटण बरणीत थोडं उरेल, उरू द्या. चीज सर्वांना मिळून पाचशे ग्रॅम, चक्का वेगळा. सुकामेवा माणसामागे वीस-पंचवीस ग्रॅम. जेवण नसतं तर मी मांस आणि चीज दुप्पट सांगितलं असतं.

शाकाहारी चौघांसाठी त्याच बोर्डचा कोपरा राखू नका. वेगळी फळी, वेगळ्या सुऱ्या, वेगळे चिमटे, आणि शक्य असेल तर वेगळं टेबल. कोपऱ्यातलं खाताना माणूस सारखा बघत राहतो की सलामी लागली तर नाही. त्यांचा बोर्ड आधी कापा, मांसाचा नंतर. चीजच्या पाकिटावर हिरवी खूण बघा. काही परदेशी चीज वासराच्या जठरातल्या रेनेटने, म्हणजे दूध घट्ट करणाऱ्या रसाने, लावलेली असतात, हिरवी खूण असली की ती शंका राहत नाही. जैन जोडप्याला आधी फोन करून विचारा, प्रत्येक घराचे नियम वेगळे. शेंगा चटणीत लसूण असतो हे आपण सोलापूरकर विसरतोच, त्यांच्यासाठी बिनलसणाची वेगळी कुटा. कांदा-गाजराचं लोणचं त्यांच्या बोर्डवर नको, काकडीचं वेगळं करा. मध बहुतेकांना चालत नाही, अंजीरही कित्येक घरांत चालत नाही. मग गोडासाठी डाळिंब आणि बेदाणे. तव्यावर कोरडे भाजलेले पनीरचे जाड काप, मिरपूड आणि लिंबू, हा त्यांचा भरीव पदार्थ.

जाऊबाईंचं ताट तुम्ही स्वतः वाढा. गरोदरपणात थंड सलामी, हॅम आणि ब्रीसारखं मऊ चीज टाळायचं. लिस्टेरिया नावाचा जंतू फ्रिजच्या थंडाव्यातही वाढतो आणि पोटातल्या बाळाला धोका करतो. त्यांना प्रोसेस्ड चीज किंवा पाश्चराइज्ड दुधाचं चेडार, भाजलेलं पनीर, शेंगा चटणी, स्वच्छ धुतलेली फळं. चक्का त्यांना द्यायचा तर दूध आधी नीट उकळून लावलेल्या दह्याचाच. मटण हवं असेल तर त्यांच्यापुरतं वाफ येईपर्यंत गरम करून द्या. घरात वयस्कर कुणी असतील तर त्यांनाही हेच.

मांडणीचं फार सांगत नाही, तुमचा डोळा आहे. आधी वाट्या, मग चीज, मग भाकरी आणि फळं, मांसाचे काप सर्वांत शेवटी, दुमडून सैल ठेवलेले. सपाट रचलेले काप एकमेकांना चिकटतात. दोन गोष्टी मात्र आपल्या लोकांसाठी मुद्दाम करा. चीजचा अख्खा गोळा ठेवला तर कुणीच पहिली सुरी लावत नाही, सगळे संकोचतात. निम्मं आधीच कापून ठेवा आणि दोन-तीन घास रचून दाखवा: भाकरीचा तुकडा, त्यावर मटण, त्यावर मोहरी. दुसरं, प्रत्येक वाटीत चमचा, प्रत्येक ढिगाशी चिमटा, आणि हाताशी बारक्या बशा. उष्ट्याची शंका आली की घरची मोठी माणसं हात आखडतात. सोलापुरी नॅपकिन गार पाण्यात पिळून ट्रेमध्ये ठेवा, उन्हातून आलेल्या माणसाला त्यानेच बरं वाटतं.

वीज गेली तर फ्रिज उघडू नका, बर्फाचा डबा आधीच भरून ठेवा.

उरलेल्याचं असं करा. बाहेर तासभर राहिलेलं मांस, मऊ चीज, चक्का आणि कापलेलं फळ टाकून द्या, जीव कळवळला तरी. कडक चीजचे तुकडे फ्रिजमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशी शिजवण्यात वापरा. बरणीतलं न काढलेलं मटण रविवारी गरम भाकरीबरोबर. आणि डब्यात तळाला राहिलेला कडक भाकरीचा चुरा सकाळी ताकात भिजवा, वर कच्चा कांदा आणि उरलेली शेंगा चटणी, डब्यातली, वाटीतली नव्हे.